यादीतल्या अटी: 'वनऑफ' की 'इफ-देन'?

पावतीच्या जेसनमध्ये (माहिती मांडायचं एक मजकुरी स्वरूप) 'भरणा' नावाची यादी आहे. प्रत्येक नोंद यूपीआयची किंवा चेकची. चेक असेल तर चेक क्रमांक हवाच. जेसन स्कीमात, म्हणजे जेसन कसं असावं हे सांगणाऱ्या नियमावलीत, ही अट 'आयटम्स'खाली (यादीतल्या प्रत्येक नोंदीचे नियम इथे येतात) दोन तऱ्हांनी लिहिता येते.

'वनऑफ'मध्ये यूपीआयचा एक आणि चेकचा एक असे दोन पूर्ण साचे मांडायचे; नोंद नेमकी एकाच साच्यात बसली पाहिजे. वाचायला हे फार स्वच्छ. पण चेक क्रमांक राहिला की व्हॅलिडेटर, म्हणजे जेसन नियमांशी ताडून पाहणारा प्रोग्राम, दोन्ही साच्यांच्या तक्रारी पुढ्यात ओततो: प्रकार यूपीआय नाही, क्रमांक नाही, एकही साचा जुळला नाही. चाळीस नोंदींच्या यादीत खरी चूक शोधताना जीव मेटाकुटीला येतो. शिवाय साचे सैल असले तर नोंद दोन्हींत बसते आणि तरीही नापास होते.

'इफ-देन' जेसन स्कीमाच्या ड्राफ्ट ७ या आवृत्तीत आलं: 'इफ'मधली अट जुळली, तरच 'देन'मधला नियम लागू. इथे तक्रार थेट मुद्द्याची: क्रमांक हवा. मला हेच जवळचं वाटतं. मात्र एक खाच आहे. 'इफ'मध्ये नुसतं 'प्रॉपर्टीज' (फील्डची किंमत काय असावी, हे सांगणारा शब्द) लिहून प्रकार तपासला आणि नोंदीत 'प्रकार' हे फील्डच नसलं, तर 'इफ' खरं ठरतं आणि प्रकार लिहायचा राहिलेल्या यूपीआयच्या नोंदीकडेही चेक क्रमांक मागितला जातो. म्हणून 'इफ'च्या आतही 'रिक्वायर्ड' (हे फील्ड असलंच पाहिजे) लिहाच.

यादीत एक जरी चेक असला तर पावतीवर बँकेचं नाव हवं, अशी अट आली की पावतीच्या पातळीवरच्या 'इफ'मध्ये 'कंटेन्स' (यादीत अशी निदान एक नोंद आहे का, हे पाहणारा शब्द) घालून काम भागतं. प्रकार दहा-बारा झाले आणि प्रत्येकाची फील्ड्स सर्वस्वी वेगळी असली, तर मात्र मी 'वनऑफ'कडेच वळते.