वेव्ह, फाकलेला की दोन तुकड्यांचा: इनस्क्रिप्टवाल्यांनी कीबोर्ड कोणता घ्यावा?

नागपुरात नंदनवनला राहणारी माझी भाची घरूनच भाषांतरं करते. दिवसाचे सहा-सात तास इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टाइप करायची प्रमाण कीबोर्ड-मांडणी. "मामाजी, मनगटं भरून येतात, कुठला कीबोर्ड घेऊ?" असा तिचा फोन आला, म्हणून तीन पाहिले. (बोटं बधिर होत असती तर आधी डॉक्टरकडेच पाठवलं असतं.)

लॉजिटेकचा वेव्ह कीज सगळ्यात ओळखीचा वाटतो. बटणं लाटेसारखी, पुढे मऊ हातटेकू. दोन बोटांनी टाइप करणाऱ्याला हाच बरा. पण दोन्ही हात मधे ओढले जातात, ते फारसं सुटत नाही.

त्याच कंपनीचा एर्गो के८६० मधोमध फाकलेला आणि उंचावलेला. पुढची बाजू ४ किंवा ७ अंशांनी उचलता येते, मनगट मागे मोडत नाही. साध्या कीबोर्डचे मागचे पाय उघडून आपण नेमकं उलट करतो. ते आजच मिटवा, फुकटचा उपाय आहे. खोट म्हणजे उजवीकडचा नंबरपॅड: माउस लांब जातो, खांदा दुखतो. शिवाय मे महिन्यात कूलरच्या दमट हवेत कापडी हातटेकू चिकट होतो, ते वेगळंच.

किनेसिस फ्रीस्टाइल२ म्हणजे दोन सुटे तुकडे, मधे वायर. खांद्यांच्या रुंदीइतके दूर ठेवा, माउस जवळ घ्या. वेगळा जोड विकत घेतला तर ५, १० किंवा १५ अंशांत तिरपेही उभे राहतात.

आता खरी गोम. इनस्क्रिप्टमध्ये 'व' बी बटणावर असतो. भाची तो उजव्या हाताने मारते, आणि के८६० व फ्रीस्टाइल दोन्हींत बी डाव्या बाजूला. मित्राचा फ्रीस्टाइल तिला चार दिवस वापरायला दिला, तर 'विदर्भ' लिहिताना उजवं बोट थेट टेबलावर! दोनतीन दिवस चिडचिड झाली, मग बसलं.

करंगळीचा त्रास मात्र तिघांतही तोच, कारण ख, भ, श, ळ, ण सगळे शिफ्टवर. ळ उजव्या हाताचा, म्हणून शिफ्ट डाव्या करंगळीने. ण डाव्या हाताचा, तर उजवीने. ती सगळं डावीनेच दाबायची.

तिने फ्रीस्टाइल ठरवला. दिवसभर आकडे भरायचे असते तर मी के८६० म्हटलं असतं.