हेलिक्स टीडब्ल्यूटी डिझाइन करताय? सीएसटी स्टुडिओ आयगनमोडसाठी तरी घ्याच

ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब (टीडब्ल्यूटी, म्हणजे तारेच्या हेलिक्सवरून, स्प्रिंगसारख्या वेटोळ्यावरून, जाणाऱ्या मायक्रोवेव्ह लाटेला मधून जाणाऱ्या इलेक्ट्रॉन बीमची एनर्जी देऊन वाढवणारी नळी) वर नवीन आलेली मुलं विचारतात कुठलं सॉफ्टवेअर वापरू, तर माझं उत्तर सीएसटी स्टुडिओ, आणि त्यातही आधी पीआयसी (पार्टिकल-इन-सेल, म्हणजे बीमचे कण सोडून केलेलं सिम्युलेशन) नाही, आयगनमोड सॉल्व्हर, म्हणजे बीमशिवाय नुसत्या रचनेत लाट कुठल्या फ्रिक्वेन्सीला बसते ते काढणारा भाग. सगळ्यांना डायरेक्ट बीम सोडून गेन बघायचा असतो पण निम्मी ट्यूब बीम यायच्या आधीच ठरलेली असते.

हेलिक्सचा फक्त एक वेढा काढायचा, भोवती तीन सपोर्ट रॉड, बाहेर मेटलचं बॅरल, अक्षाच्या दिशेने पिरियॉडिक बाउंड्री लावायची आणि एका वेढ्यामागे लाटेची फेज किती अंश बदलते ती थोडीथोडी बदलत स्वीप मारायचा. प्रत्येक फेजला एक फ्रिक्वेन्सी मिळते, त्यातून लाटेचा वेग. समजा पिच (दोन वेढ्यांमधलं अंतर) १ मिमी आहे आणि ६० अंशाला १० गिगाहर्ट्झ आले, तर लाट प्रकाशाच्या एक पंचमांश वेगाने चाललीये, म्हणजे बीमला साधारण साडेदहा किलोव्होल्ट, आणि त्याच्याही किंचित वर, कारण बीम लाटेपेक्षा जरासा पुढे धावला तरच तिला एनर्जी देतो. एवढं सगळं एका वेढ्यावरून कळतं! बँडभर वेग सपाट राहत नसेल तर बॅरलला आतून मेटलचे व्हेन (पातळ पट्ट्या) लावून परत स्वीप करा, कर्व्ह डोळ्यांदेखत सरळ होत जातो, मला हा भाग जाम आवडतो.

इंटरॅक्शन इम्पीडन्स, म्हणजे लाटेचं फील्ड बीमला किती जोरात पकडतं त्याचं माप, तोही अक्षावरच्या फील्डवरून काढता येतो. बेरिलियाच्या जागी बोरॉन नायट्राइडचे (दोन्ही सिरॅमिक) सपोर्ट रॉड टाकून बघा, परमिटिव्हिटी कमी झाली की इम्पीडन्स वर जातो. तो घेऊन पियर्सचं सूत्र लावा, गेन म्हणजे उणे ९.५४ अधिक ४७.३ सीएन डेसिबल (सी म्हणजे इम्पीडन्स, बीमचा करंट आणि व्होल्टेज यांतून येणारा गेन पॅरामीटर, एन म्हणजे ट्यूबच्या लांबीत बसणाऱ्या लाटांची संख्या), आणि हा अंदाज हातात ठेवूनच पीआयसीकडे जा. लॉस आणि सीव्हर (ऑसिलेशन टाळायला हेलिक्स मध्ये तोडलेली जागा) धरले की गेन यापेक्षा कमीच येणार.

पीआयसीही दमदार आहे, सॅच्युरेशन (इनपुट वाढवूनही आउटपुट वाढायचं थांबतं ती जागा) दिसतं, सेकंड हार्मोनिक दिसतो, सीव्हर चुकीच्या जागी असला तर ऑसिलेशन सुरू झालेलं पण दिसतं. मात्र बारीक मेशवर अख्खी ट्यूब चालवायची म्हणजे चांगलं मशीन आणि भरपूर वेळ दोन्ही लागतात, म्हणून व्होल्टेज शोधायला पीआयसी वापरू नका राव.

आणि हेलिक्सला टंगस्टनची पुस्तकातली कंडक्टिव्हिटी तशीच देऊ नका, खऱ्या तारेचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला तो लॉस वाढवतो, कोल्ड टेस्टचा (बीमशिवाय केलेल्या मोजणीचा) लॉस मोजून त्याला जुळेल इतकी खाली आणा.