केसांच्या व्हिटॅमिनची बाटली, आठ महिन्यांनंतर: दिलेले पाच स्टार मागे घेते आहे

या बाटलीला दुसऱ्या महिन्यात मीच पाच स्टार दिले होते. ‘केस गळणं निम्म्यावर आलं, नखं तुटत नाहीत, हाशिमोटो असणाऱ्यांनी जरूर घ्या’ असं लिहिलं होतं. ते वाचून कोणी बाटली मागवली असेल, तर पुढचं त्यांच्यासाठी लिहिते आहे. गोळी केवढी, वास कसा, डबी कशी, हे सगळ्यांना माहीत आहे. मला बोलायचंय ते लेबलवरच्या एकाच ओळीबद्दल.

ती ओळ अशी: बायोटिन (केसांच्या गोळ्यांत घालतात ते ब गटातलं व्हिटॅमिन) १०,००० मायक्रोग्रॅम, रोजच्या गरजेच्या ३३,३३३ टक्के. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं आणि ते रोजच्या जेवणातून सहज मिळतं. खरी कमतरता फार क्वचित दिसते. तेहतीस हजार टक्के हा आकडा मी रोज सकाळी बघत होते आणि मला तो भरघोस माल मिळाल्यासारखा वाटत होता. एवढ्या पैशात एवढं मिळतंय, असं.

मला हाशिमोटो आहे. म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉइडवर हल्ला करते आणि ग्रंथी हळूहळू दमते. रोज उपाशीपोटी लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, घ्यायची, ठरावीक काळाने रक्तातला टीएसएच तपासायचा (थायरॉइड कमी पडलं की हा आकडा चढतो, जास्त झालं की उतरतो) आणि त्या आकड्यावर डोस ठरवायचा. आमचं सगळं आयुष्य त्या एका आकड्याच्या भरवशावर चालतं. अंगातला थकवा आजाराचा की झोपेचा, हेही शेवटी रिपोर्ट बघूनच कळतं. आणि या बाटलीने नेमका तो आकडाच खोटा पाडला.

बाटली सुरू केली तेव्हा मी ७५ मायक्रोग्रॅमवर होते आणि टीएसएच २.८ होता. तिसऱ्या महिन्यात नेहमीची तपासणी केली तर टीएसएच ०.०४ आणि फ्री टी४, म्हणजे रक्तातलं थायरॉइडचं संप्रेरक, वर गेलेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, डोस जास्त होतोय, ५० वर आणू. नवीन काही औषध सुरू केलंय का, हेही त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. व्हिटॅमिन हे ‘औषध’ म्हणून मोजायचं असतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. ताईने सुचवलेली, जाहिरातीत ‘नैसर्गिक’ लिहिलेली गोळी डॉक्टरांना काय सांगायची?

सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. ०.०३. डोस २५ वर आला. इकडे मी दिवसेंदिवस गारठत होते. घरात सगळे पंख्याखाली आणि मी स्वेटर घालून. बद्धकोष्ठता, सुजलेले डोळे, जिना चढताना पाय दगडाचे. हे सगळं थायरॉइड कमी पडल्याचं आणि रिपोर्ट सांगतोय थायरॉइड उतू चाललंय. मग टीआरएबी नावाची अँटीबॉडीची तपासणी झाली, तीही पॉझिटिव्ह आली. आता ग्रेव्हजचा आजार, ज्यात थायरॉइड गरजेपेक्षा जास्त चालतं, तो निघाला की काय, अशी चर्चा सुरू झाली. त्या आठवड्यात मी जी रडले ती अजून आठवते. एका आजाराशी कसंबसं जमवून घेतलं होतं, तर त्याच्या अगदी उलटा दुसरा दारात उभा.

मधल्या काळात घडलेली एक गोष्ट सांगताना अजून जीव जळतो. एका दुसऱ्या लॅबचं स्वस्तातलं पॅकेज चालू होतं, म्हणून मी तिथेही रक्त दिलं. तिथे टीएसएच १६ आला. मला वाटलं, स्वस्त लॅब, चुकीचा रिपोर्ट. तो कागद मी डॉक्टरांना दाखवलासुद्धा नाही, ड्रॉवरमध्ये टाकून दिला. खरा रिपोर्ट तोच होता. सगळ्या लॅबची पद्धत एकसारखी नसते. ज्यांच्या किटमध्ये बायोटिनचा वापर नसतो, तिथे ही गडबड होत नाही. महाग रिपोर्ट खोटा आणि स्वस्त रिपोर्ट खरा, हे माझ्या कल्पनेपलीकडचं होतं.

उलगडा केला तो रक्त घेणाऱ्या मुलीने. नेहमीच्याच लॅबमध्ये, पुढच्या खेपेला. दंडाला पट्टा बांधलेला, शीर सापडत नव्हती. ती बोटाने चाचपडत होती आणि मी गार पडलेला हात चोळत होते. नखांकडे बघून ती सहज म्हणाली, “मॅडम, केसांच्या-नखांच्या गोळ्या चालू आहेत का?” मी कौतुकाने हो म्हटलं. तिने सुई ट्रेमध्ये परत ठेवली. “बायोटिन असेल तर आज घेत नाही. डॉक्टरांना विचारून गोळ्या बंद करा आणि मग या.” पट्टा सोडला आणि हातावर कापूसही न लावता मला परत पाठवलं. या आठ महिन्यांत मला मिळालेला सगळ्यात मोलाचा सल्ला तो.

डॉक्टरबाईंनी नंतर कागदावर चित्र काढून समजावलं. बऱ्याच तपासण्यांच्या किटमध्ये बायोटिन आणि त्याला चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन यांची घट्ट पकड वापरलेली असते. रक्तातच बायोटिनचा पूर आला की ते स्ट्रेप्टाव्हिडिनवरची जागा अडवून बसतं. टीएसएचच्या तपासणीत जेवढं पकडलं जाईल तेवढा आकडा मोठा, म्हणून तो खोटा कमी येतो. फ्री टी४ आणि टीआरएबीच्या पद्धतीत हिशोब उलटा, म्हणून ते खोटे जास्त येतात. तिन्ही एकत्र बघितले की हुबेहूब ग्रेव्हजचं चित्र उभं राहतं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध-नियामक संस्था) नोव्हेंबर २०१७ मध्ये यावर जाहीर इशारा दिला होता आणि २०१९ मध्ये पुन्हा दिला. हार्ट अटॅकसाठी बघतात त्या ट्रोपोनिनचा आकडाही बायोटिनमुळे खोटा कमी येऊ शकतो, आणि तसं होऊन एक रुग्ण दगावल्याची नोंद त्या इशाऱ्यात आहे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशन तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायला सांगते. माझा डोस बघून डॉक्टरबाईंनी पूर्ण आठवडा बंद ठेवायला लावलं.

आठवड्याने टीएसएच २२. टीआरएबी निगेटिव्ह. ग्रेव्हज कधी नव्हताच.

आता कंपनीबद्दल. मी सविस्तर ईमेल केला, रिपोर्ट जोडले आणि एकच मागणी केली: ‘रक्ततपासणीआधी ही गोळी बंद करा’ एवढी ओळ बाटलीवर छापा. उत्तर आलं की उत्पादन नैसर्गिक आहे आणि दर्जाच्या सगळ्या चाचण्यांत उत्तीर्ण आहे. दुसऱ्यांदा लिहिलं, तर म्हणे लेबलवर ‘आजार असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ लिहिलेलं आहेच. आहे खरं, बाटलीच्या मागे, जोडाजवळ, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत. ३३,३३३ हा आकडा मात्र ठळक छापायला जागा आहे. माझा राग याचा आहे. बायोटिन विषारी नाही, त्याने माझी ग्रंथी बिघडवली नाही. पण ज्या माणसाचा डोस रक्ताच्या आकड्यावर ठरतो, त्याला हे सांगणं कंपनीचं काम आहे.

हे एवढं लिहून झाल्यावर बाटली पुन्हा हातात घेतली आणि बाकीचं लेबल पहिल्यांदाच नीट वाचलं. आधी मी म्हणणार होते की बायोटिन सोडलं तर बाकी गोळी बरी आहे. तेही आता म्हणवत नाही.

यात लोह आणि कॅल्शियम आहे. ही दोन्ही लेव्होथायरॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतात, म्हणून मध्ये चार तासांचं अंतर लागतं. मी थायरॉइडची गोळी घेऊन अर्ध्या तासाने नाश्त्याबरोबर ही घेत होते. म्हणजे खरं औषध अंगी लागत नव्हतं आणि रिपोर्ट म्हणत होता औषध जास्त होतंय. शिवाय आयोडीन १५० मायक्रोग्रॅम, तेही आयोडीनयुक्त मीठ आधीच पोटात जात असताना. हाशिमोटोमध्ये आयोडीनचा अतिरेक त्रास वाढवू शकतो.

आणि सेलेनियम. यात १०० मायक्रोग्रॅम. ‘थायरॉइडला सेलेनियम लागतं’ असं ऐकून मी वेगळी २०० ची गोळीही घेत होते. ऐकलेलं खोटं नव्हतं: थायरॉइडमध्ये सेलेनियमवर चालणारी प्रथिनं आहेत आणि काही अभ्यासांत सेलेनियमने टीपीओ अँटीबॉडी (हाशिमोटोमध्ये रक्तात सापडणाऱ्या) कमी झाल्या. पण त्याने माणसाला बरं वाटलं किंवा गोळीचा डोस उतरला, असं ठामपणे दिसलेलं नाही. माझी बेरीज जेवण सोडून ३००. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये मोठ्यांसाठी जेवणासकट २५५ ही वरची मर्यादा ठरवली आणि ती ठरवताना अतिरेकाची सुरुवातीची खूण म्हणून पाहिलं ते केस गळणं. केस गळू नयेत म्हणून मी जे गिळत होते, त्याच्याच अतिरेकाने केस गळतात.

मग पहिल्या दोन महिन्यांत केस थांबले होते ते कशामुळे? जुनी फाईल काढून तारखा लावल्या. बाटली आणायच्या तीन महिने आधी माझा डोस ५० वरून ७५ झाला होता. थायरॉइड सुधारलं की केसांवर त्याचा परिणाम दिसायला असेच काही महिने जातात. श्रेय लेव्होथायरॉक्सिनचं होतं, मी ते बाटलीला देऊन टाकलं. डोस उतरल्यावर केस पुन्हा पुंजक्याने गळायला लागले तेव्हा मी बाटलीला दोष दिला नाही, उलट एकही दिवस चुकवला नाही.

याच सुमारास ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, तेही बंद केलं होतं. त्याचं वाईट वाटतं ते वेगळ्या कारणाने. थायरॉइडचा ऑटोइम्युन, म्हणजे हाशिमोटोसारखा, आजार असणाऱ्यांत सिलिअॅक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आढळतो. त्यामुळे तपासणं योग्यच होतं. पण ती रक्ततपासणी ग्लूटेन खात असतानाच करायची असते. आधी बंद केलं की अँटीबॉडी ओसरतात आणि आजार असला तरी दिसत नाही. मला तपासणीसाठी सहा आठवडे पुन्हा रोज गहू खावा लागला. निगेटिव्ह आली. पाच महिने सगळ्यांपेक्षा वेगळं ताट घेऊन बसले, त्याला काही आधार नव्हता. कोणाला ग्लूटेन सोडून खरंच हलकं वाटत असेल, तर मी त्यांना खोटं ठरवत नाही. फक्त आधी रक्त द्या, मग सोडा.

एक गोष्ट मात्र मी ठेवली आहे, ती म्हणजे व्हिटॅमिन डी. इथेही बायोटिनने घोळ घातलाच होता. डी आणि बी१२ दोन्ही ‘भरपूर’ दिसले म्हणून मधे डी बंद केलं होतं. आठवड्याच्या खंडानंतर तपासलं तर डी कमी निघालं, बी१२ काठावर. डीबद्दल लोक एक अभ्यास पुढे करतात, २०२२ मध्ये आलेला व्हायटल: २५,८७१ माणसं, रोज २,००० युनिट, साधारण पाच वर्षं, आणि ऑटोइम्युन आजार २२ टक्क्यांनी कमी. अभ्यास मोठा आणि चांगला आहे. पण तो नव्याने आजार होण्याबद्दलचा आहे, झालेला आजार बरा होण्याबद्दलचा नाही. मी डी घेते ते माझ्या रक्तात कमी आहे म्हणून, डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसात. त्यापेक्षा जास्त घेऊन हाशिमोटो पळून जाईल अशा आशेने नाही. अति डीने रक्तात कॅल्शियम चढतं, तो आणखी एक आकडा मला सांभाळायचा नाही.

ताईवर माझा राग नाही. तिने प्रेमाने सुचवलं होतं आणि तिला रोज रक्ताच्या आकड्यावर जगावं लागत नाही. परवा तिने विचारलं, उरलेल्या गोळ्या मला दे, वाया कशाला घालवतेस? बाटलीत सत्तेचाळीस कॅप्सूल आहेत. टाकून देताना माझाही हात आखडतो, कारण पैसे माझेच गेलेत. तरी मी दिल्या नाहीत. तिचंही वय आता तपासण्यांचं आहे, उद्या छातीत दुखून दवाखान्यात न्यावं लागलं तर ट्रोपोनिन खरा यायला हवा.

आता माझ्या फाईलच्या पहिल्या पानावर औषधांची यादी आहे आणि तीत व्हिटॅमिनही मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅमसकट लिहिलेली आहेत. पुन्हा ७५ वर आले आहे, गेल्या तपासणीत टीएसएच ३.१ होता. स्वेटर कपाटात गेला आहे. केस अजून गळतात, पण आता फणीला पुंजका येत नाही.

स्टार एक. बाटलीवर ती ओळ छापली, तर दोन करेन. पुढची तपासणी सहा आठवड्यांनी आहे, आकडा आला की इथेच भर घालते.