बीटाडीन की क्लोरहेक्झिडीन? युरॉलॉजीच्या ऑपरेशन थिएटरात काय लावायचं

शस्त्रक्रियेआधी जंतुनाशक लावताना आधी जागा बघा, मग बाटली उचला. पीसीएनएलला (पाठीतून छेद घेऊन मूतखडा काढणं) कंबरेवरची कोरडी त्वचा असते, टीयूआरपीला (मूत्रमार्गातून प्रोस्टेट खरवडणं) मूत्रमार्गाचं ओलं तोंड. दोन्हीकडे एकच औषध लावणं चुकीचं.

त्वचेवर छेद असेल तर आमची पसंती 2 टक्के क्लोरहेक्झिडीन आणि 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलला. अल्कोहोल झटकन जंतू मारतं, क्लोरहेक्झिडीन त्वचेला चिकटून तासन्‌तास काम करत राहतं. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या 849 रुग्णांच्या चाचणीत हे मिश्रण लावलेल्यांत जखमेचा संसर्ग 9.5 टक्के होता, पोव्हिडोन आयोडीन (म्हणजे बीटाडीन) लावलेल्यांत 16.1 टक्के. मात्र तिथलं आयोडीन पाण्यातलं होतं, त्यामुळे अल्कोहोलचा वाटा वेगळा काढता येत नाही. लावल्यावर किमान 3 मिनिटं सुकू द्या. केसाळ भागात जास्तच लागतात. ओल्या अल्कोहोलवर कॉटरीची (विजेवर चालणाऱ्या, रक्त थांबवायच्या उपकरणाची) ठिणगी पडली तर ड्रेपखाली (रुग्णावरच्या निर्जंतुक कापडाखाली) आग लागते, आणि अल्कोहोलची ज्योत दिव्याच्या उजेडात दिसतही नाही. केस काढायचेच तर क्लिपरने, वस्तऱ्याने नको.

मूत्रमार्गाचं तोंड, शिश्नाग्र, योनिमार्ग इथे अल्कोहोल अजिबात नको. इथे 10 टक्के जलीय पोव्हिडोन आयोडीन. तेही लावून लगेच पुसू नका, सुमारे 2 मिनिटं राहू द्या. रक्त, पू लागला की त्याचा जोर ओसरतो, म्हणून आधी स्वच्छ धुऊन घ्या. लिथोटॉमीत (रुग्ण उताणा, पाय वर बांधलेले) ओघळ नितंबांखाली साचतो आणि रुग्ण तासभर त्या ओल्या चादरीवर पडून राहिला तर त्वचा भाजल्यासारखी सोलते. खाली पॅड ठेवा, ड्रेपिंगआधी तो काढा. मासे-कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्याला आयोडीन चालतं. थायरॉईडचा आजार असेल तर मात्र विचारून घ्या.

क्लोरहेक्झिडीनची ॲलर्जी दुर्मिळ, पण जिवावर बेतणारी. मूत्रमार्गात घालायच्या काही लिग्नोकेन (बधिर करणाऱ्या) जेलीतही ते असतं, तेव्हा ट्यूबवरचा मजकूर वाचा. कॅथेटर घातल्यावर काही मिनिटांत बीपी कोसळलं तर जेली आठवा.

यापेक्षा मोठी गोष्ट लघवीच्या कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीची. लघवीत जंतू असताना टीयूआरपी किंवा पीसीएनएल केली तर ते थेट रक्तात जातात. बाहेरून कितीही बीटाडीन लावलं तरी हे थांबत नाही. कल्चर पॉझिटिव्ह असेल तर संवेदनशीलतेनुसार (त्या जंतूवर जे लागू पडतं ते) प्रतिजैविक आधी. मूत्राशय क्लोरहेक्झिडीनने धुऊ नका, आतलं अस्तर सोलून रक्त येतं.

आणि अर्धी बाटली नव्या द्रावणाने कधीच भरू नका. दूषित पोव्हिडोन आयोडीनमधून संसर्ग पसरल्याच्या नोंदी आहेत.