सांगलीत भाड्याच्या उत्पन्नासाठी छोटी इमारत: गावभागातील जुनी की विश्रामबागेतील नवी?

सांगलीत सहा ते आठ सदनिकांची अख्खी इमारत विकत घ्यावी आणि तिच्या भाड्यावर नियमित उत्पन्न मिळवावे, असा विचार करणाऱ्यांपुढे साधारणपणे दोन प्रकारचे प्रस्ताव येतात. एक असतो गावभाग, खणभाग किंवा मारुती चौकाच्या परिसरातील जुन्या इमारतीचा; तिथे दोन-तीन पिढ्यांपासून भाडेकरू राहत असतात आणि मागितलेली किंमत जागेच्या मानाने कमी वाटते. दुसरा असतो विश्रामबाग किंवा वारणालीकडील दहा-पंधरा वर्षांच्या इमारतीचा. तिथे सदनिका अकरा महिन्यांच्या किंवा तीन वर्षांच्या करारावर दिलेल्या असतात आणि किंमत पहिल्या प्रस्तावाच्या दुपटीहून अधिक असते. मध्यस्थ हा फरक चौरस फुटाच्या दरात मांडतात. माझ्या मते निर्णय दुसऱ्याच दोन प्रश्नांवर ठरायला हवा: त्या इमारतीत आज कोण कोणत्या हक्काने राहते, आणि कृष्णेचे पाणी तिच्यापर्यंत कुठवर येते.

भाडेकरू आणि परवानाधारक

जुन्या इमारतीतील बहुतेक भाडेकरूंना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे संरक्षण असते. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. भाडेकरू ठरलेले भाडे देत असेल आणि देण्यास तयार असेल, तोवर त्याला केवळ मालक बदलला म्हणून बाहेर काढता येत नाही. मालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढ करता येते. महिना ३०० रुपये भाडे असेल तर ही वाढ १२ रुपयांची होते. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हा हक्क जातो. स्वतःच्या वाजवी गरजेसाठी किंवा पाडून नवी इमारत बांधण्यासाठी जागा परत मागण्याची तरतूद कायद्यात आहे, परंतु त्यासाठी न्यायालयात दावा सिद्ध करावा लागतो आणि पुनर्बांधणीच्या बाबतीत मंजूर नकाशा, पुरेसा निधी आणि नव्या इमारतीत भाडेकरूंना जागा देण्याची बंधने पाळावी लागतात.

‘इमारत मोडकळीस आली आहे, महापालिकेची नोटीस लागली की ती आपोआप रिकामी होईल,’ असे विक्रेत्याने सांगितले तर त्यावर व्यवहार आखू नये. इमारत पाडली गेली एवढ्यावरून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. नैतिकदृष्ट्याही या अपेक्षेवर बेतलेली गुंतवणूक मला मान्य नाही. पन्नास वर्षे ज्या घरात राहिले त्या घरातून वृद्ध दांपत्याने निघावे म्हणून दुरुस्ती थांबवून ठेवणारा मालक स्वतःच्याच मिळकतीची आणि माणसांची दोन्ही हानी करतो. भाडेकरूंशी बसून, त्यांना योग्य मोबदला किंवा नव्या इमारतीत मालकी हक्काची सदनिका देऊन पुनर्विकास करणे हा खुला मार्ग आहे, आणि जुन्या इमारतीची खरी किंमत त्या मार्गाचा खर्च धरल्यावरच कळते.

विश्रामबागेतील इमारतीत राहणारे लोक बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे अनुज्ञप्ती करारावर, परवानाधारक म्हणून, असतात. मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. मात्र हा लाभ लेखी करार असेल तरच मिळतो. कलम ५५ नुसार करार लेखी करून त्याची नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसे न केल्यास दंड किंवा कैदेची तरतूद आहे आणि वाद झाला तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत राहणाऱ्याचे म्हणणे खरे मानले जाते. अनेक छोट्या इमारतींत मुद्रांक कागदावर नोटरी करून काम भागवलेले असते. इमारत नवी असली तरी असे कागद असतील, तर खरेदीदाराने ती निर्धोक समजू नये.

परिसरात भाड्याची मागणीही स्थिर आहे. विलिंग्डन महाविद्यालय आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय विश्रामबागेत आहेत. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालये असल्यामुळे विद्यार्थी, परिचारिका आणि नोकरीसाठी आलेली कुटुंबे सतत जागा शोधत असतात. विद्यार्थ्यांना दिलेल्या सदनिका सुट्टीत रिकाम्या राहतात आणि लवकर झिजतात, म्हणून अर्ध्याहून अधिक सदनिका कुटुंबांनाच द्याव्यात असे मी सुचवेन.

आकड्यांत सांगायचे तर

पुढील आकडे केवळ हिशेबाची पद्धत दाखवण्यासाठी गृहीत धरले आहेत. समजा, विश्रामबागेतील आठ सदनिकांची इमारत १ कोटी ६० लाख रुपयांना मिळते आणि प्रत्येक सदनिकेला महिना ९,००० रुपये येतात. वर्षाचे भाडे ८ लाख ६४ हजार होते. प्रत्येक सदनिका वर्षातून एक महिना रिकामी धरली तर ७ लाख ९२ हजार उरतात, आणि घरपट्टी, पाणीपट्टी, सामाईक वीज, सफाई व दुरुस्तीसाठी दीड लाख बाजूला काढले तर हातात ६ लाख ४२ हजार येतात, म्हणजे किमतीवर सुमारे ४ टक्के. आता गावभागातील इमारत ७० लाखांना मिळते असे धरू. तिथे सहा जुन्या भाडेकरूंचे प्रत्येकी ४०० रुपये आणि रिकामी होऊन नव्याने भाड्याने दिलेल्या दोन बिऱ्हाडांचे प्रत्येकी ५,००० रुपये मिळून महिन्याला १२,४०० रुपये, वर्षाला १ लाख ४८ हजार ८०० रुपये येतात. हे प्रमाण २ टक्क्यांच्या किंचित वर आहे आणि त्यातून अजून एक रुपयाही खर्च वजा केलेला नाही. जुन्या छपराच्या एका मोठ्या दुरुस्तीत दोन-तीन वर्षांचे भाडे जाऊ शकते.

दोन्ही दर बँकेतील मुदत ठेवीच्या व्याजाशी ताडून पाहिले म्हणजे लक्षात येईल की केवळ भाड्यासाठी कोणतीही इमारत विकत घेणे फारसे किफायतशीर नाही. उरलेला लाभ जमिनीच्या किमतीतील वाढीतून यावा लागतो, आणि ती वाढ पुरात बुडणाऱ्या गल्लीत आणि उंचावरील रस्त्यावर सारखी होत नाही.

पुराचे पाणी

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ते पुन्हा ५० फुटांच्या वर चढले. २००५ चा पूर पाहिलेल्या पिढीला तो शतकातून एकदा येणारा वाटला होता. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, मारुती चौक या भागांत कोणत्या फुटाला कोणत्या दारात पाणी येते हे तिथल्या रहिवाशांना तोंडपाठ असते. इमारत पाहायला जाताना मालकापेक्षा शेजारच्या दुकानदाराला हा प्रश्न विचारावा आणि भिंतीवरील पाण्याची खूण स्वतः मोजावी.

भाड्याच्या इमारतीत पुराचा फटका तळमजल्यापुरता राहत नाही. वीज मीटरचा फलक, पाण्याचा पंप आणि जमिनीखालची टाकी बुडाली की वरच्या मजल्यांवरील कोरड्या सदनिकाही राहण्याजोग्या उरत नाहीत. मीटर वर चढवणे, पंपासाठी उंच चौथरा बांधणे, मैलावाहिनीतून पाणी उलटे येऊ नये म्हणून झडप बसवणे, ही कामे करून झालेली इमारत आणि न झालेली इमारत यांच्या किमतीत फरक असायलाच हवा, आणि खरेदीदाराने तो मागून घ्यावा.

पुनर्बांधणीचा विचार असेल तर पूररेषा अधिक महत्त्वाची ठरते. जलसंपदा विभागाची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या अंदाजावर आखली जाते. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत या रेषांच्या आतील बांधकामावर निर्बंध आहेत. जुन्या अधिकृत इमारतीच्या पुनर्बांधणीलाही जोत्याच्या उंचीची अट लागते. जुनी इमारत निळ्या रेषेच्या आत असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. महापालिकेच्या नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि पूररेषेचा लेखी अभिप्राय घेतल्याशिवाय विसार देऊ नये.

विश्रामबागेकडे नदीच्या पुराची भीती कमी आहे, तरी नव्या वसाहतींत पावसाचे पाणी साचण्याचा प्रश्न आहे. शामरावनगर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. शिवाय काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आक्रसते, त्यामुळे पाया उथळ असल्यास भिंतींना तिरक्या भेगा पडतात. नव्या रंगाखाली त्या दिसत नाहीत, म्हणून जिन्याखालची आणि गच्चीच्या कठड्याची बाजू अभियंत्याला दाखवावी.

कागद

गावभागात मिळकत पत्रिका असते आणि तिच्यावर अनेकदा आजोबांच्या नावानंतर वारसांची लांब यादी चढलेली असते. प्रत्येक सहहिस्सेदाराची सही, विवाहित बहिणींसकट, खरेदीखतावर हवी. मालकी हक्काचा ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. इमारतीला ३० वर्षे उलटली असतील तर महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र अपेक्षित असते. ते नसेल तर परीक्षणाचा खर्च किमतीत धरावा.

नव्या इमारतीत कागद कमी असतात, पण त्यातली एक उणीव सहज नजरेआड होते. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील, तर रेरा (स्थावर संपदा कायदा) नोंदणी बंधनकारक नाही. छोट्या इमारती बहुधा याच सवलतीत बसतात, त्यामुळे मोठ्या प्रकल्पात महारेराच्या संकेतस्थळावर सहज दिसणारी मंजूर नकाशांची आणि हक्काची माहिती इथे खरेदीदाराला स्वतः जमवावी लागते. भोगवटा प्रमाणपत्र, अकृषिक परवानगी आणि मंजूर नकाशा यांची प्रत्यक्ष बांधकामाशी ताडणी करावी. गच्चीवर चढवलेली एक जादा खोली पुढे मोठी अडचण ठरते. शहराच्या मोठ्या भागात गुंठेवारीतून, म्हणजे जमिनीचे गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून विकल्यातून, वसाहती उभ्या राहिल्या आहेत. तिथे २००१ च्या गुंठेवारी कायद्याखालील नियमितीकरणाचे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कर्ज, कर आणि शुल्क

इमारत घेण्यासाठी गृहकर्ज मिळेलच असे समजू नये. एकाच व्यक्तीच्या अनेक सदनिकांचे कर्ज बँका सहसा व्यापारी स्थावर मालमत्तेचे मानतात आणि त्याचा व्याजदर जास्त असतो. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर आयकरात ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, ती दोन्ही पर्यायांना सारखीच. जुन्या इमारतीची करारातील किंमत वार्षिक मूल्यदर तक्त्यापेक्षा (रेडी रेकनर) खाली जाण्याची शक्यता जास्त. मुद्रांक शुल्क या दोहोंपैकी जास्त असलेल्या रकमेवर लागते, म्हणून भाडेकरूंचे पुरावे जोडून मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून आधीच अभिनिर्णय, म्हणजे शुल्काची निश्चिती, करून घेणे हिताचे. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असल्यास १ टक्का कर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराचीच असते.

सुट्या सदनिकांचा तिसरा पर्याय

तेवढ्याच पैशांत चार-पाच निरनिराळ्या इमारतींत सदनिका घेता येतात. गरज पडली तर त्यातली एक विकता येते आणि गृहकर्ज घेणारा नोकरदार ग्राहक लवकर मिळतो. अख्ख्या इमारतीला गिऱ्हाईक मिळायला बराच काळ जातो. उलट अख्खी इमारत हातात असली की दुरुस्ती, पाणी आणि भाडेकरूंची निवड यांवर कोणाची संमती लागत नाही, आणि शिल्लक चटई क्षेत्रही (अजून बांधता येण्याजोगे क्षेत्र) आपलेच राहते. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र नोंदवून ठेवलेली इमारत मिळाली तर पुढे सदनिका एकेक करून विकण्याची सोयही टिकते. असे घोषणापत्र असलेल्या इमारतीसाठी थोडी जास्त किंमत मोजणे मला योग्य वाटते.

निवृत्तीनंतर भाड्यावर घर चालवायचे असणाऱ्याने विश्रामबागेचा किंवा मिरजेतील रुग्णालयांजवळचा पर्याय घ्यावा. गावभागातील इमारत ज्याच्याकडे दहा वर्षे थांबण्याइतका पैसा आहे, जो भाडेकरूंशी बोलून पुनर्विकास करू शकतो आणि ज्याने पूररेषा तपासली आहे, त्याच्यासाठी आहे. निवड झाल्यावर साठेखतात एक कलम आवर्जून घालावे: चालू करारांतील सर्व अनामत रकमांची यादी जोडून ती एकूण रक्कम खरेदी किमतीतून वजा करावी, कारण भाडेकरू जागा सोडताना ते पैसे नव्या मालकाकडेच मागणार आहेत.