मेटी संघटनांपुढील दोन वाटा: सेवानिहाय करार की स्वशासनाचा तह?

मेटी हा कॅनडातील मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशातून घडलेला एक मूळनिवासी समाज. त्यांच्या एखाद्या संघटनेला घरबांधणी, शिक्षण किंवा बालसंगोपनाच्या सेवांसाठी संघीय सरकारशी बोलणी करायची असतील, तर एकेका सेवेपुरता करार करावा की स्वशासनाच्या तहातून आपल्या शासनालाच मान्यता मिळवावी, हे तिला आधी ठरवावे लागते.

सेवानिहाय कराराचा मोठा गुण वेग हा आहे. 2017 च्या कॅनडा–मेटी राष्ट्र कराराच्या चौकटीत 2018 मध्ये घरबांधणीसाठी दहा वर्षांकरिता 50 कोटी डॉलरची तरतूद झाली. तिच्यासाठी नवा कायदा लागला नाही आणि राबवण्याची जबाबदारी मेटी शासनसंस्थांकडेच आली. मात्र असा निधी मुदतीचा असतो. नोव्हेंबर 2005 मध्ये सरकारे आणि मूळनिवासी नेते यांच्यात ठरलेला केलोना करार पुढच्याच वर्षी सरकार बदलल्यावर बारगळला. शिवाय सुट्या करारांतून मोठ्या फटी राहतात: औषधे, दंतोपचार आणि चष्मे यांचा खर्च उचलणारी संघीय योजना फर्स्ट नेशन्स आणि इन्युइट या कॅनडातील इतर दोन मूळनिवासी समाजांसाठी आहे, मेटींसाठी नाही.

न्यायालयाच्या भरवशावर ही फट बुजेल, असे मला वाटत नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या डॅनियल्स निकालाने मेटी संघीय अधिकारकक्षेत येतात हे स्पष्ट केले. त्यासाठी कायदा करण्याची सक्ती मात्र सरकारवर केली नाही.

शासनाला मान्यता मिळाली, तर बोलणी अनुदान मागणाऱ्या संस्थेऐवजी एका सरकारच्या नात्याने करता येतात. पण त्यासाठी संसद लागते आणि तिथेच गाडी अडते. अल्बर्टा, ऑंटारियो आणि सॅस्कॅचेवान या प्रांतांतील मेटी संघटनांच्या शासनाला मान्यता देण्यासाठी 2023 मध्ये मांडलेल्या सी-53 विधेयकाला ऑंटारियोतील फर्स्ट नेशन्सनी, तिथल्या काही मेटी समुदायांच्या ऐतिहासिक आधारावरच बोट ठेवून, तीव्र विरोध केला. एप्रिल 2024 मध्ये सॅस्कॅचेवानची संघटना बाहेर पडली आणि जानेवारी 2025 मध्ये संसदेचे सत्र संपताच विधेयक रद्दबातल झाले. मॅनिटोबा प्रांतातील मेटींच्या मॅनिटोबा मेटी फेडरेशनने 2021 मध्ये मेटी संघटनांची राष्ट्रीय परिषद सोडून स्वतंत्र बोलणी केली आणि 30 नोव्हेंबर 2024 रोजी तहावर सही मिळवली; तो लागू होण्यासाठीही कायद्याची अट आहेच.

म्हणून ज्या संघटनेच्या लोकांना घरांची निकड आहे, तिने सेवानिहाय करार आधी करावा, त्यात नूतनीकरणाचे आणि न खर्चलेला निधी पुढील वर्षी वापरण्याचे कलम आग्रहाने घालावे. तहाची बोलणी सोबत चालू ठेवता येतील. मात्र त्यापूर्वी सदस्यनोंदणी वंशावळीच्या कागदपत्रांनिशी पक्की करावी आणि शेजारच्या फर्स्ट नेशन्सशी थेट चर्चा करावी.