ठाण्यातील दोन दिवसांचा जीआयएस वर्ग: एक अभिप्राय
नौपाड्यातील एका खासगी संस्थेचा जीआयएस (संगणकावर नकाशे आखून त्यांचे विश्लेषण करणारी भौगोलिक माहिती प्रणाली) वर्ग मी नुकताच पूर्ण केला. क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरवर मासुंदा, कचराळी आणि उपवन या तलावांच्या कडा उपग्रहचित्रावरून बहुभुज म्हणून आखायच्या, रस्ते रेषा म्हणून व बसथांबे बिंदू म्हणून वेगळ्या थरांत ठेवायचे, हा सराव शिक्षकांनी जराही घाई न करता करून घेतला.

सर्वांत मोलाचा भाग प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या पद्धतीचा, होता. मासुंदाभोवती 500 मीटरचा पट्टा आखायला गेले, तर पडद्यावर सारे जग झाकणारे वर्तुळ उमटले, कारण थर अक्षांश-रेखांशांत असल्याने संगणकाने 500 हे अंश धरले होते. ठाण्याजवळ रेखांशाचा एक अंश सुमारे 105 किलोमीटर भरतो आणि अक्षांशाचा सुमारे 111, म्हणूनच अंशांत अंतर मोजणे चुकीचे ठरते, हे तेव्हा मनात पक्के बसले. थर यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाच्या 43 उत्तर विभागात नेताच पट्टा काठाला नेमका बिलगला.

रास्टर विश्लेषण, म्हणजे छोट्या चौकटींच्या जाळीत साठवलेल्या नकाशांचे विश्लेषण, मात्र शेवटच्या अर्ध्या तासात उरकले, याची खंत वाटते. येऊरच्या डोंगरउताराचा नकाशा अपुराच राहिला. तरीही नवशिक्यांनी हा वर्ग अवश्य करावा; लॅपटॉपवर सॉफ्टवेअर आधीच उतरवून न्यावे.